बारामती व इंदापूर येथील भाड्याची घरे : नियमनाचे स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना

बारामती आणि इंदापूर ही पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील तालुक्यांची ठिकाणे. २०११ च्या जनगणनेनुसार बारामती शहराची लोकसंख्या ५४,४१५, तर इंदापूरची २५,५१५ इतकी होती. हे आकडे महानगराचे नसले तरी या दोन्ही गावांत शिक्षण व रोजगारासाठी बाहेरून येणाऱ्यांचा ओघ मोठा आहे. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी दाखल झाली. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी त्यात कामगार व तंत्रज्ञांची भर घातली. इंदापूर तालुक्यात बिजवडी व शहाजीनगर येथील सहकारी साखर कारखाने, भिगवणचा कागद कारखाना, लोणी देवकरची औद्योगिक वसाहत आणि पुणे–सोलापूर महामार्ग यांमुळे हेच चित्र लहान प्रमाणात दिसते.

बाहेरून आलेल्या या माणसांना राहण्यासाठी जागा लागते. ती बहुधा मोठ्या गृहसंकुलात मिळत नाही, तर एका कुटुंबासाठी बांधलेल्या स्वतंत्र घरात मिळते. जुन्या पेठेतील वाड्याचा एक सोपा, बंगल्याचा वरचा मजला, बाहेरून जिना काढून वाढविलेल्या दोन खोल्या किंवा मालक पुण्यास स्थायिक झाल्याने रिकामे पडलेले रो-हाऊस, अशी त्याची रूपे आहेत. या घरांचे भाड्याने देणे-घेणे कोण नियंत्रित करते, कोणत्या कायद्याने करते आणि त्या नियंत्रणातून काय सुटून जाते, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. भाडेकरू, घरमालक आणि विद्यार्थ्यांचे पालकत्व सांभाळणारे अध्यापक अशा तिन्ही नात्यांनी प्राध्यापकवर्गाचा या विषयाशी संबंध येतो, म्हणून त्याची मांडणी येथे उपयुक्त ठरावी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा जन्म युद्धकाळातील टंचाईतून झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीस आळा घालणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४७ चा मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम आला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा प्रमाण भाड्याचा आधार मानला आणि नियमित भाडे भरणाऱ्या भाडेकरूस घराबाहेर काढण्यावर कडक बंधने घातली. कायद्याचा हेतू तात्पुरत्या संरक्षणाचा होता. पण मुदतवाढ मिळत जाऊन तो अर्धशतक टिकला.

या काळात घरमालकांनी ‘भाडे’ हा शब्द टाळून परवान्याच्या, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या, नावाने जागा देण्यास सुरुवात केली. त्यावर १९७३ च्या दुरुस्तीने उपाय योजला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याच्या कराराने जागेत राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. या दुरुस्तीने असंख्य कुटुंबांना आधार मिळाला, हे खरे. परंतु ‘घर दिले की ते परत मिळत नाही’ ही समजूतही घरमालकांच्या मनात पक्की झाली.

बारामती–इंदापूर परिसरात या समजुतीला आणखी एक पदर आहे. येथील घरमालक बहुधा शेतजमीन असलेल्या कुटुंबातील असतो. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाकडे गेलेली मालकी ही त्या कुटुंबांच्या स्मृतीचा भाग आहे. त्यामुळे वरच्या मजल्यावर बिऱ्हाड ठेवतानाही ‘कूळ लागेल’ अशी भाषा सहज ऐकू येते. कुळकायद्याचा राहत्या घराच्या भाड्याशी कायदेशीर संबंध नाही. तथापि लोकमानसातील हा संबंध आजच्या व्यवहारावर परिणाम करतो, हे ध्यानात घ्यावयास हवे.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या असल्याचे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत झाला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील तीन वेगवेगळ्या कायद्यांची जागा या एका कायद्याने घेतली.

भाडेकरू, परवानाधारक आणि पेइंग गेस्ट

१९९९ चा कायदा समजून घेताना तीन व्यक्तींमधील भेद स्पष्ट असणे आवश्यक आहे.

पहिली व्यक्ती भाडेकरू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. असा भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल तोवर त्याला काढता येत नाही (कलम १५). थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. मालकाची वास्तविक व प्रामाणिक गरज, विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव अशी निष्कासनाची कारणे कलम १६ मध्ये दिली आहेत. भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते.

दुसरी व्यक्ती परवानाधारक. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची केवळ मुभा. त्यातून जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. परवान्याची मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडावयाची असते. न सोडल्यास मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. ही कार्यवाही संक्षिप्त स्वरूपाची आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मिळविली नाही, तर परवानाधारकास अर्जाचा प्रतिवाद करता येत नाही.

तिसरी व्यक्ती पेइंग गेस्ट. मालक स्वतः राहत असलेल्या घराचा काही भाग ज्याला राहण्यास दिला जातो, तो या वर्गात मोडतो. परवानाधारकाच्या व्याख्येतून कायद्याने पेइंग गेस्टला स्पष्टपणे वगळले आहे. हॉटेल, निवासगृह, वसतिगृह यांत राहणारेही त्या व्याख्येबाहेर आहेत.

महाविद्यालयांच्या आसपास राहणारे विद्यार्थी नेमके कोणत्या वर्गात मोडतात, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. मालक खाली आणि चार विद्यार्थी वर, अशी सर्वपरिचित रचना पाहिली, तर ते बहुधा तिसऱ्या वर्गाच्या जवळ जातात. म्हणजे भाड्याच्या घरात राहणाऱ्यांतील एका मोठ्या गटाला भाडे नियंत्रण कायदा जवळजवळ दुरूनच ओळखतो.

अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणी

सर्वसाधारण समज असा की, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. या समजाचे मूळ नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ मध्ये आहे. त्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे मुदत अकरा महिने ठेवण्याची प्रथा पडली. परंतु १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने महाराष्ट्रापुरता या प्रथेचा आधारच काढून घेतला. भाड्याचा असो वा परवान्याचा, आणि मुदत कितीही असो, करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे, असे हे कलम सांगते.

कलम ५५ मधील दोन बाबी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दोन, नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर ज्या अटींवर जागा दिली त्यांविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अर्थात ज्या भीतीपोटी मालक नोंदणी टाळतो, ती भीती नोंदणी टाळल्यानेच खरी ठरण्याचा संभव वाढतो. नोटरीसमोर सही केलेला मुद्रांक कागद हा नोंदणीचा पर्याय नव्हे, हेही यावरून स्पष्ट होते.

नोंदणी खर्चिक असते, हा दुसरा समज. एक उदाहरण घेऊ. दरमहा ६,००० रुपये परवाना शुल्क, २०,००० रुपये परतावायोग्य अनामत आणि ११ महिन्यांची मुदत असा करार आहे. मुद्रांक शुल्क एकूण परवाना शुल्क अधिक अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या ०.२५ टक्के दराने आकारले जाते. येथे शुल्क ६६,००० रुपये व व्याज सुमारे १,८३३ रुपये होते. त्यावर मुद्रांक सुमारे १७० रुपये येतो. नोंदणी शुल्क आणि प्रत्यक्ष कामकाजाचा खर्च वेगळा धरला तरी तो एका महिन्याच्या भाड्याहून पुष्कळ कमी राहतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संगणकीय प्रणालीमुळे आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशाच्या साहाय्याने, दुय्यम निबंधक कार्यालयात न जाताही असा करार नोंदविता येतो.

येथे एक मर्यादा नमूद करावी लागेल. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचींत समाविष्ट असलेल्या आणि शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. बारामतीच्या हद्दवाढीत जळोची, तांदुळवाडी, रुई हे भाग शहरात आले, तर त्यांच्याही पलीकडील वस्त्या ग्रामपंचायतींकडे आहेत. म्हणून एखादे घर कोणत्या क्षेत्रात मोडते, हे प्रथम पाहणे इष्ट. जेथे भाडे नियंत्रण लागू नाही, तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाची सर्वसाधारण तरतूद चालते आणि महिनेवारी भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. रस्त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाडेकरू यांच्या संरक्षणात त्यामुळे मोठे अंतर पडू शकते.

चार कार्यालये, एक घर

भाड्याच्या घराशी प्रत्यक्षात चार यंत्रणांचा संबंध येतो.

पहिली यंत्रणा दुय्यम निबंधक कार्यालय. ते कराराची नोंद घेते व शुल्क वसूल करते. घर पाहत नाही.

दुसरी न्याययंत्रणा. पुणे शहरात लघुवाद न्यायालय, तर बारामती–इंदापूरसारख्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश भाडेकरूंचे दावे चालवितात. परवान्याची मुदत संपल्याची प्रकरणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातात. वाद निर्माण झाल्यानंतरच ही यंत्रणा हलते.

तिसरी पोलीस यंत्रणा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास देण्याविषयीचे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढले जातात. हे आदेश स्वभावतः मर्यादित मुदतीचे असतात व त्यांचा हेतू सुरक्षिततेचा असतो. पोलिसांकडे दिलेली माहिती म्हणजे भाड्याने देण्याची परवानगी नव्हे आणि ती कराराची जागाही घेत नाही.

चौथी यंत्रणा नगरपरिषद, अथवा हद्दीबाहेर ग्रामपंचायत. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ खाली नगरपरिषद मालमत्ता कर आकारते. भाडेमूल्याच्या पद्धतीत घर वाजवीपणे किती वार्षिक भाड्याने जाऊ शकेल याचा अंदाज करून, त्यातून १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ठरते. येथे नगरपरिषदेची नजर घरावर पडते खरी, पण ती उत्पन्नाच्या अंगाने. भाडेकरू असल्याचे कळविले तर कर वाढेल, ही शंका मालकाला गप्प राहण्यास प्रवृत्त करते.

या चारही यंत्रणांचे दप्तर स्वतंत्र आहे. एकाकडे करार, दुसऱ्याकडे वाद, तिसऱ्याकडे ओळखपत्रांच्या प्रती आणि चौथ्याकडे कराचा आकडा. मालकाच्या दृष्टीने प्रत्येक ठिकाणी जाणे म्हणजे खर्च किंवा खेप. त्या बदल्यात लाभ कोणता, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही.

नियमनाच्या नजरेबाहेरची खोली

वरील विवेचनातून एक बाब ठळकपणे पुढे येते. आपल्या भाडेविषयक कायद्याने शंभर वर्षे मुख्यतः एकच प्रश्न विचारला : ताबा कोणाचा? टंचाईच्या काळात तोच प्रश्न निकडीचा होता. परंतु बारामती–इंदापुरात दरवर्षी बदलणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा कंत्राटी कामगाराला घराचा कायमचा ताबा नकोच असतो. त्याचे प्रश्न वेगळे आहेत. एका खोलीत किती जणांनी राहावे? दहा जणांत स्वच्छतागृहे किती? विजेची जोडणी किती भार सोसेल? गॅसची टाकी कोठे ठेवली आहे? जाताना अनामत परत मिळेल काय?

यांपैकी बहुतेक प्रश्नांना उत्तर देणारे नियम मुळीच नाहीत असे नाही. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागास लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत खोलीचे आकारमान, वायुवीजन, स्वच्छतागृहे यांविषयी तरतुदी आहेत. मात्र त्या बांधकामाच्या परवानगीच्या वेळी तपासल्या जातात. पाच माणसांच्या कुटुंबासाठी मंजूर झालेल्या घरात पुढे पंधरा जण राहू लागले, तर भिंती त्याच राहिल्याने कागदोपत्री काहीच बदलत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ ने घर दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. मालकाने टाळाटाळ केल्यास १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करता येते व वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत खर्च वसूल करता येतो. कलम २९ नुसार पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई आहे. पण ही कलमे भाडेकरूसाठी लिहिलेली आहेत. दहा महिन्यांसाठी आलेला पेइंग गेस्ट त्यांचा आश्रय घेईल, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. अनामतीच्या रकमेवर तर या कायद्यात कमाल मर्यादाच नाही.

अन्यत्र आढळणारे मार्ग

हाच प्रश्न इतर ठिकाणी कसा हाताळला जातो, याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्लंडमध्ये हाउसिंग अ‍ॅक्ट, २००४ नुसार एकाहून अधिक कुटुंबांतील पाच किंवा अधिक व्यक्ती सामाईक सोयी वापरून एका घरात राहत असतील, तर मालकास स्थानिक संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. अशा घरात एका प्रौढ व्यक्तीच्या शयनकक्षाचे किमान क्षेत्रफळ ६.५१ चौरस मीटर असावे, असे २०१८ च्या नियमांनी ठरविले. तेथे नियमनाचा आरंभ ताब्यापासून नाही, तर राहणाऱ्यांच्या संख्येपासून होतो.

भारतातही असे प्रयत्न झाले आहेत. तामिळनाडूने २०१४ मध्ये महिला व बालकांची वसतिगृहे व निवासगृहे यांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करून त्यांना परवाना सक्तीचा केला. बंगळुरूच्या महानगरपालिकेने २०२४ मध्ये पेइंग गेस्ट निवासांसाठी प्रतिव्यक्ती किमान ७० चौरस फूट जागेसारख्या अटी घातल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, असे सुचविले आहे. हा नमुना कायदा असल्याने तो स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे.

अशा परवानापद्धतीचा एक धोकाही लक्षात घ्यावा लागेल. अटी कडक झाल्या की, भाड्याच्या खोलीवर घर चालविणारी वृद्ध विधवा किंवा निवृत्त शिक्षक खोली देणेच बंद करतो, अथवा खर्च भाड्यात मिळवितो. त्याचा भार अखेर ग्रामीण भागातून आलेल्या गरीब विद्यार्थ्यावर पडतो. म्हणून मोठ्या शहरांचे नियम जसेच्या तसे येथे आणणे उचित नाही.

काय करता येईल?

प्रस्तुत लेखकाच्या मते, नव्या कायद्याची वाट न पाहता तीन गोष्टी शक्य आहेत.

पहिली, नगरपरिषदेने कर आकारणीच्या नोंदीत राहणाऱ्यांच्या संख्येचा एक रकाना ठेवावा आणि तो भरल्याने कर वाढणार नाही, हे जाहीर करावे. परस्परांशी नाते नसलेल्या पाच-सहांहून अधिक व्यक्ती राहत असतील, तेवढ्याच घरांची वीज, पाणी, स्वच्छतागृह व बाहेर पडण्याचा मार्ग या चार बाबींपुरती वर्षातून एकदा पाहणी करावी. नगरपरिषदेस शासनाच्या मान्यतेने उपविधी करण्याचा अधिकार आहेच.

दुसरी, नोंदणीविषयीची भीती दूर करावी. नोंदणीकृत करार हा मालकाच्या ताब्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, ही साधी गोष्ट विधी साक्षरता शिबिरांतून आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांतून घराघरांत पोहोचविता येईल.

तिसरी गोष्ट थेट महाविद्यालयांच्या हातात आहे. रॅगिंगच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या राघवन समितीने २००७ च्या अहवालात महाविद्यालयाबाहेरील खासगी वसतिगृहांची पोलिसांकडे नोंदणी असावी व तीत संस्थाप्रमुखाच्या शिफारशीचा समावेश असावा, असे म्हटले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम त्याच प्रक्रियेतून आले. विद्यार्थी राहतात ते घर हा महाविद्यालयाच्या काळजीचा विषय आहे, ही भूमिका म्हणजे नवी कल्पना नाही. प्रवेशाच्या वेळी स्थानिक पत्त्याची नोंद घेऊन न थांबता, अध्यापकांनी पाहिलेल्या खोल्यांची यादी ठेवणे, अनामतीची लेखी पावती मिळाली काय हे विचारणे आणि कराराचा एक साधा मराठी नमुना उपलब्ध करून देणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयास जमण्याजोगे आहे.

समारोप

बारामती व इंदापूर येथे भाड्याच्या घरांचे नियमन नाही असे म्हणता येणार नाही. उलट ते चार कार्यालयांत विभागलेले आहे. पण ते सारे नियमन मालकाचा हक्क आणि भाडेकरूचा ताबा यांच्या संघर्षातून घडले असल्याने प्रत्यक्ष खोली आणि तीत राहणारा माणूस त्यात अपुरा दिसतो. मालकाला घर परत मिळण्याची खात्री हवी आहे आणि राहणाऱ्याला ते राहण्याजोगे असण्याची. पहिली खात्री देण्याची सोय १९९९ च्या कायद्यात आहे, मात्र तिचा वापर पुरेसा होत नाही. दुसरीची सोय अद्याप करावयाची आहे, आणि तिची सुरुवात आपल्याच वर्गातील विद्यार्थी कोठे व कसे राहतात हे जाऊन पाहण्यापासून होऊ शकते.